सात नंबरचं पान

४ ऑगस्ट, सोमवार

भूत गेलं! पोर्टल उघडून अकरा मिनिटं झाली नाहीत तर भुताच्या साठही जागा भरल्या!

मी बी.एस्सी.वाली. पण आता नियमच आहे, एक विषय दुसऱ्या शाखेचा घ्यायचाच. म्हणून घेतलं 'साहित्याची ओळख'. त्यात चार गट — भूत, प्रवास, अन्न आणि घर. ज्याला जो गट मिळाला त्यानं त्याच एका गोष्टीवरचं सगळं वाचायचं. कथा, कविता, पत्रं, काय असेल ते. माझी रूममेट वर्षाली, तिला भूत मिळालं. मला घर!! अकोल्याचं घर सोडून इथे अमरावतीत होस्टेलला येऊन पडले आणि शिकायचं काय, तर घर. वर्षाली हसून हसून पलंगावरून पडायचीच बाकी होती.

आईला फोन केला. म्हणाली, "घर तं घर. काय वाईट हाय?" तिला सगळंच चालतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

या मॅडम पर्समध्ये कात्री ठेवतात! खरंच!

वर्गात आल्या, पुस्तक नाही, काही नाही. झेरॉक्सचा गठ्ठा काढला, कात्री काढली आणि आमच्यासमोर प्रत्येक कागदाच्या डोक्यावरचं लेखकाचं नाव कचाकच कापून टाकलं. टेबलावर नावांचा कचरा. म्हणाल्या, "नाव वाचलं की तुम्ही आडनाव वाचता. आडनाव वाचलं की जात वाचता. मग पान वाचायचं राहूनच जातं." हजेरीसुद्धा नुसत्या नंबरानं घेतात. मी तेवीस.

पद्धत अशी. पान वाचायचं आणि ते कोणी लिहिलं असेल ते सांगायचं — बाई की माणूस, गावचं की शहरातलं, किती वयाचं — आणि का वाटतं तेही. नाव त्या नंतर एक दिवस सांगणार. पहिल्या पानावर मी छातीठोक सांगितलं, म्हातारा शेतकरी. त्या एकाच पानाचं नाव लगेच सांगितलं — निघाली बावीस वर्षांची नर्स! तोंडात मारल्यासारखं झालं.

मॅडमचं नाव आम्ही कात्री ठेवलं.

९ ऑगस्ट

खरं सांगते, मला मजा येऊन राहिली. कोणाला सांगू नये पण केमिस्ट्रीपेक्षा जास्त.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचं पान नंबर सात. कॉलेजच्याच जुन्या वार्षिक अंकातलं आहे, एवढंच कात्री मॅडमनी सांगितलं. डोकं फिरलं माझं! इथे उतरवूनच ठेवते, म्हणजे उद्या मला कोणी म्हणू नये की मी उगाच चिडले.

"पेपर अकराचा होता. साडेदहाला कळलं की शेजारच्या बाई गावाला गेल्या. नवरा ड्यूटीवर. मी दहा महिन्यांच्या मुलीला पाजलं, पिवळं झबलं घातलं, खाटेभोवती उशा लावल्या. बाहेरून कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. कोपऱ्यावर पोचले तेव्हा ती रडायला लागली. मी मागे वळले नाही. मागे वळले असते तर पुन्हा कधी पुढे गेलेच नसते."

हे पहिलं पान. दुसऱ्या पानावर —

"परत आले तेव्हा दाराशी सगळी गल्ली जमली होती. मुलगी रडून रडून गप्प झाली होती, म्हणून लोक घाबरले होते. कोणीतरी कुलूप फोडायला दगड आणला होता. मी सगळ्यांना ढकलून आत गेले आणि दार आतून लावून घेतलं. मुलगी झोपली होती. अंगात कोरडं, हिरवं झबलं होतं. पिवळं पुन्हा कधी सापडलं नाही. बाहेर लोक काय काय बोलत होते ते मी ऐकलं. त्यांना जे वाटलं ते मी वाटू दिलं."

बस. संपलं. ना रडणं, ना माफी! कोंडलं बाळाला, गेली, पेपर देऊन आली, लिहून छापून मोकळी!

मॅडमनी विचारलं, "कोणी लिहिलं असेल?" मी हात वर केला. म्हटलं, मोठ्या घरची बाई आहे. आमच्यासारख्यांची नाही. आमच्या वस्तीतल्या बायांनी लेकरू पाठीला बांधून शिक्षण केलं, कोंडून नाही केलं. मागे कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी जोर चढला. म्हटलं, "अन् गोष्ट बनवलेली हाय मॅडम. सकाळी पिवळं झबलं, परत आली तं हिरवं! दहा महिन्यांचं बाळ स्वतःचं झबलं बदलत नाही!"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, खडू हातात, लिहिलं काहीच नाही. मग म्हणाल्या, "हे लिहून आण. तेवीस नंबर, तू लिहून आण."

१३ ऑगस्ट

निबंध लिहिला. पाच पानं. नाव दिलं 'ही आई नव्हे'. असं चोपलं आहे त्या बाईला! वर्षालीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "गोष्ट खोटी हाय म्हणते, मंग काहून एवढी चिडून राहिली?"

भूतवाल्यांना काय कळतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

निबंध दिला. मॅडमनी माझ्यासमोरच झबल्याचा परिच्छेद शोधून काढला आणि तेवढाच दोनदा वाचला. म्हणाल्या, "दोन वर्षं हे पान शिकवते आहे. हे आजवर कोणी पकडलं नव्हतं." खाली लिहिलं — उत्तम. चार सप्टेंबरला सात नंबरच्या पानाचं नाव सांगणार, त्या दिवशी मी निबंध सगळ्यांसमोर वाचायचा!

पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून घरी चालले. निबंध मॅडमकडे राहिला, पण खर्डा माझ्याकडे आहे. आईला वाचूनच दाखवते.

१६ ऑगस्ट, शनिवार. अकोला

 काय लिहू.

आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. बाबा खाटेवर पेपर वाचत होते. मी बॅगेतून झेरॉक्स काढली. निबंध वाचण्याआधी पान तर कळलं पाहिजे ना, म्हणून ते वाचायला लागले. दुसरा कागद होस्टेललाच राहिला होता, फक्त पहिला होता. वाचत वाचत आले — "मी मागे वळले नाही." तिथे थांबले, पाणी प्यायला.

आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मागे वळले असते तर पुन्हा कधी पुढे गेलेच नसते."

अशी! पुस्तकी भाषेत! माझी आई, जी 'गेली असती तं' बोलते ती!

मी म्हटलं, "तुले कसं माहीत?"

"मीच लिवलं ते."

मी आधी हसले. खरंच हसले. माझी आई अंगणवाडी सेविका आहे, गल्लीभराची लेकरं सांभाळते. बारावी शिकलेली. एवढंच मला माहीत होतं अठरा वर्षं. तर म्हणे बारावीनंतर लग्न झालं, बाबांची नोकरी तेव्हा अमरावती डेपोला, कंडक्टर, तिथे एक खोली घेतली होती आणि दोन हजार आठला ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. माझ्याच कॉलेजात!! याच कॉलेजचा फॉर्म भर म्हणून माझ्या मागे लागली होती, तेव्हाही बोलली नाही!

मग माझं डोकं चाललं. दोन हजार आठ. दहा महिन्यांची मुलगी.

"अन् ते बाळ?"

"कोन असन? तूच होती."

बाबा पेपर घडी घालून बाहेर निघून गेले. आईनं भाजीच्या काड्या गोळा केल्या आणि उठून आत गेली. मी तिथेच बसून. मला कोंडलं होतं. मला! आणि मी त्यावर पाच पानं लिहून उत्तम मिळवून आले!!

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी तोंड उघडलं. सगळं विचारलं. आई चुलत्याच्या घरची गोष्ट सांगावी तशी सांगते — "पेपर होता. दुसरा उपाय नव्हता." मी ओरडले, "मी मेली असती तं?"

"नसती मेली."

"कशावरून? अन् झबलं कोनं बदललं?"

 मग म्हणाली, "ते मी नाई सांगू शकत. कोनाले तरी शब्द देल्ला हाय. सतरा वर्सं झाले, नाई मोडला."

शब्द! पोटच्या पोरीपेक्षा शब्द मोठा!

बाबा बसस्टँडवर सोडायला आले. स्कूटर थांबवून म्हणाले, "तिले जास्त बोलू नको. मी ड्यूटीवरून आलो तं गल्ली बोंबलून राहिली होती. तुही आजी त्याच हप्त्यात आली अन् सामान बांधून आमाले अकोल्याले घेऊन आली. त्या पेपरात तुह्या मायचा वर्गात पयला नंबर होता. मंग कॉलेज नाई पाह्यलं तिनं. ते पान तेवढं अकोल्यावरून पोस्टानं धाडलं."

तेव्हा आठवलं. आजी मरेपर्यंत आईला 'कुलूपवाली' म्हणायची. मी लहान होते, मला वाटायचं की घराच्या किल्ल्या आईच्या कमरेला असतात म्हणून. मीही म्हणायची! कुलूपवाली जेवायला दे, कुलूपवाली पाणी दे. आजी हसायची. आई देऊन टाकायची पाणी.

१८ ऑगस्ट

कॉलेजात गेले नाही.

१९ ऑगस्ट

राग कमी होत नाही. दोन्हीकडून येतो. आईवर येतो, कोंडलं म्हणून. माझ्यावर येतो, लिहिलं म्हणून. त्या गल्लीवर येतो. जी शेजारीण ऐन वेळी गावाला गेली तिच्यावरही येतो. आणि खरं लिहायचं तर सगळ्यात जास्त याचा येतो की ते वाक्य चांगलं आहे. मागे वळले असते तर. इतकं चांगलं लिहिणारी बाई सतरा वर्षं लेकरांना खिचडी वाढत बसली.

वर्षालीला सांगितलं.  मग म्हणाली, "चार तारखेले वाचशीन कशी?"

तेच तर!

२१ ऑगस्ट, गुरुवार

वर्गात मॅडमनी सगळ्यांना सांगून टाकलं — चार तारखेला तेवीस नंबरचा निबंध ऐकायला या, दुसऱ्या गटांतल्यांनीही या. मागच्या बाकावरून 'ही आई नव्हे! ही आई नव्हे!' अशा घोषणा. 

माझ्या आईला मी स्वतःच्या तोंडानं भर वर्गात हे म्हणायचं? आणि त्यानंतर मॅडम फळ्यावर तिचं नाव लिहिणार? ललिता. मग आडनाव. मग सगळे माझ्याकडे बघणार.

२३ ऑगस्ट

आईचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला. नाही उचलला.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते मला अजून कळलेलं नाही.

लेक्चरनंतर स्टाफरूमला गेले. मॅडम एकट्याच होत्या, पुढच्या पानांची नावं कापत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, माझा निबंध परत द्या. मी वाचणार नाही."

"का? चांगला तर लिहिला आहेस."

"सात नंबरचं पान माझ्या आईचं आहे."

कात्री थांबली. मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना माझं आडनाव माहीतच नव्हतं ना! तीन आठवडे मी तेवीस नंबर!

मग एकदम उठल्या. शहरी बोलणं कुठल्या कुठे गेलं. "तू ललिताची पोरगी? कुठं हाय ललिता? जित्ती हाय ना?"

जित्ती आहे, म्हटलं, अकोल्यात, जुन्या शहरात. मॅडम पुढे आल्या, मला न विचारता माझे केस बाजूला केले आणि डाव्या कानामागे पाहिलं. तिथे माझा जन्माचा लाल डाग आहे. वर्षालीलाही माहीत नाही. होस्टेलमध्ये कोणालाच माहीत नाही!

बघितला आणि रडायला लागल्या. ढसाढसा. कात्री मॅडम! मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी मान हलवली. नुसतं म्हणाल्या, "पत्ता लिहून दे."

निबंध दिलाच नाही परत.

२६ ऑगस्ट

मॅडम रजेवर. शिपाईकाका म्हणाले, आठ वर्षांत पहिली रजा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज फोन उचलला. आईचा आवाज वेगळाच. हसते की रडते कळेना.

"तुयी मॅडम घरी आली होती परवा. दाराशी उभी. मले वाटलं, कोनी साहेबीण अंगणवाडी तपासाले आली. मी रजिस्टर काढून राहिली होती!"

"मग?"

"मंग वयखलं."

चार घंटे बसल्या म्हणे दोघी. काय बोललात, विचारलं. "काई नाई. अंबाडीची भाजी अन् भाकर खाल्ली. तिनं तीन भाकरी खाल्ल्या." मी म्हटलं, आई, तू तिला कशी ओळखतेस? तर म्हणते, "माहा शब्द आता सुटला. पन मी नाई सांगनार. तिचं हाय, तिनंच सांगावं." मग — "तुले राग हाय तं राहू दे. पन चार तारखेले वर्गात जाजो. निबंध वाचजो, तिनं सांगतलं मले त्याचं."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

३ सप्टेंबर

निबंधाचा खर्डा काढला, परत बॅगेत ठेवला.

४ सप्टेंबर, गुरुवार

वर्ग भरून दारापर्यंत पोरं. मॅडमनी फळ्यावर लिहिलं — ललिता. त्याखाली आणखी एक नाव — रागिणी. म्हणाल्या, "पान एकीनं लिहिलं. पण एक बाई तिनं त्यातून कापून टाकली होती."

कोणीतरी विचारलं, "रागिणी कोण?"

"मी."

मग सांगितलं. मॅडम आईच्याच वर्गात होत्या, त्या सकाळी तिला पेपरला न्यायला आमच्या खोलीवर गेल्या होत्या. आई दारात रडत होती. "मी म्हटलं, तू जा. मले पुढलं वर्ष भेटन. तुले नाई भेटनार." त्यांचा भाऊ मोटारसायकलवर पाळत ठेवायचा, त्या आमच्या वस्तीत येतात हे घरी कळायला नको होतं. म्हणून कुलूप त्यांनीच बाहेरून लावायला सांगितलं आणि कोणाला न सांगण्याचा शब्द आईकडून घेतला. बाळ एकटं नव्हतं. लोक दगड घेऊन आले तेव्हा मॅडम आत मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, ओ न देता. गल्ली पांगल्यावर निघाल्या. ओलं पिवळं झबलं घाईत त्यांच्या पर्समध्ये गेलं.

घरी वडिलांनी पर्स उलटी केली. पोरीनं पेपर बुडवलेला, पर्समध्ये तान्ह्या बाळाचं झबलं. विचारलं, कोणाचं लेकरू? त्यांनी आईचं नाव घेतलं नाही. अंजनगावला नेऊन एका खोलीत अकरा महिने ठेवलं त्यांना. त्याही दाराला कुलूप बाहेरूनच होतं.

मॅडमनी निबंध माझ्या हातात दिला. "वाच."

पाच पानांतलं एकच वाक्य वाचता आलं. दहा महिन्यांचं बाळ स्वतःचं झबलं बदलत नाही. मग खाली बसले.